नुकसानभरपाईचा न्याय : गिरणीपासून घरापर्यंत

इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथील एका गिरणीचा तुटलेला दांडा पोहोचविण्यास वाहतूकदाराने विलंब केला आणि गिरणी बंद राहिली. त्या खटल्यात १८५४ साली न्यायालयाने नियम घालून दिला : करारभंगातून स्वाभाविकपणे उद्‌भवणारी, अथवा करार करतेवेळी उभय पक्षांच्या ध्यानी असलेली हानीच भरून मागता येते. गिरणी बंद पडल्याचे वाहतूकदारास ठाऊक नसल्याने बुडालेला नफा मिळाला नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ ने हेच तत्त्व स्वीकारले. रामाकोन्याच्या कापूस-संत्र्यांच्या सौद्यांनाही तेच लागू झाले.

तथापि, सामान्य माणसास दिवाणी दाव्याचा खर्च आणि कालावधी परवडत नसे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापिली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही सेवाच ठरविली आणि ग्राहकाच्या मनस्तापाची भरपाई दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले.

पुढे २०१९ च्या कायद्याने ग्राहकास स्वतःच्या निवासक्षेत्रातील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. दूरच्या शहरातील बांधकाम व्यावसायिकाविरुद्ध दाद मागण्यासाठी रामाकोन्याच्या रहिवाशास त्या शहरी खेटे घालण्याची सक्ती उरली नाही. हक्क जुनाच होता. तो आवाक्यात आला.