कावळा, फांदी आणि इंजेक्टर

गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पालममध्ये कुठल्याही गॅरेजपुढे पंधरा-वीस वर्षं जुनी अल्टो उभी करा आणि सांगा, गाडी मिशिंग करतेय, ॲव्हरेज पडलंय. बॉनेट उघडायच्या आत निदान तयार असतं : "इंजेक्टर चोक झालेत, सर." मग दोन वाटा. एक, इंजेक्टर काढून नांदेडला किंवा परभणीला मशीनवर पाठवायचे. दुसरी वाट मोबाइलवरच्या व्हिडिओंनी घरोघरी पोहोचवली आहे : कार्ब क्लीनरचा कॅन, दवाखान्यातली प्लास्टिकची सिरिंज, मोटरसायकलची जुनी बॅटरी आणि दोन वायरी. अंगणात बसून इंजेक्टरमधून फवारा उडवायचा, गाडी जोडायची आणि शेजाऱ्याला ऐकवायचं, बघा, नवी झाली.

माझा विरोध घरी हात काळे करण्याला नाही. विरोध आहे तो त्या आधीच्या "इंजेक्टर चोक झालेत" या वाक्याला.

पण खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, हा आपल्याकडचा जुना शिष्टाचार आहे. इंजेक्टर खरोखर चोक होतात. पेट्रोल गाडीत साधारण 3 बार दाबाने पेट्रोल इंजेक्टरच्या दाराशी थांबलेलं असतं. विजेचा इशारा मिळाला की आतली सुई काही सहस्रांश सेकंद उचलली जाते आणि टोकाच्या बारीक छिद्रांतून धुक्यासारखा फवारा पडतो. घाण बसते ती गाडी चालताना कमी, बंद केल्यावर जास्त. मे महिन्यात बाजारापर्यंत जाऊन आलेली गाडी उन्हात बंद केली की इंजिनाची धग वर चढते, टोकाला राहिलेला पेट्रोलचा थेंब उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. छोट्या-छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे रोज घडतं. 1980 च्या दशकात अमेरिकेत इंजेक्शनच्या गाड्या वाढल्या तशा या तक्रारीही वाढल्या, आणि 1995 पासून तिथे सगळ्या पेट्रोलमध्ये घाण धरू न देणारं रसायन घालणं सक्तीचं झालं. म्हणजे रोग काल्पनिक नाही. आपल्याकडे तर पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळण्याचाही एक काळ होऊन गेला.

इथपर्यंत मान्य. पण रोग जगात आहे यावरून तो या गाडीला झाला आहे हे सिद्ध होत नाही.

न्यायशास्त्रात सव्यभिचार नावाचा हेत्वाभास सांगितला आहे. जो हेतू साध्य (म्हणजे जे सिद्ध करायचं ते) असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही सापडतो, तो भटका हेतू. त्यावरून अनुमान करता येत नाही. मिशिंग हा असाच भटका हेतू आहे. प्लग गेला तरी मिशिंग, प्लगची वायर गेली तरी मिशिंग, इनटेकच्या नळीला चीर पडून चोरटी हवा शिरली तरी मिशिंग, पेट्रोल फिल्टर तुंबला तरी मिशिंग, टाकीत पाणी गेलं तरी मिशिंग, व्हॉल्व्ह जळून कॉम्प्रेशन पडलं तरी मिशिंग. इथल्या लेंडी नदीला पूर येऊन पलीकडच्या गावांची वाट बंद होते, त्या दिवसांत पाण्यातून काढलेली गाडी दुसऱ्या दिवशी फडफडायला लागली, तर आधी कनेक्टर आणि वायरी बघायच्या असतात. तिथेही कॅन मारला जातो.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "पण साफ केल्यावर गाडी नीट झाली ना?" कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, त्याला आपण काकतालीय न्याय म्हणतो. इंजेक्टर साफ करताना आणखी काय काय घडलं ते मोजा. कनेक्टर निघाले आणि परत घट्ट बसले, म्हणजे त्यांच्या पिनांवरचा गंज घासला गेला. वाळून दगड झालेल्या ओ-रिंग बदलल्या, म्हणजे चोरटी हवा थांबली. बॅटरी काढून जोडली, म्हणजे ईसीयूने, गाडीच्या संगणकाने, शिकलेले जुने हिशोब पुसले गेले. मिस्त्रीने जाता जाता एअर फिल्टर झटकला. पाच कामं झाली आणि श्रेय एकट्या कॅनला मिळालं.

आता कॅन आणि बॅटरीचं बघू. या जातीच्या इंजेक्टरच्या कॉइलचा रोध साधारण 12 ते 16 ओहम असतो. 12 व्होल्ट थेट लावले की जवळपास एक अँपिअर वाहतो. गाडीत तो क्षणभर वाहतो आणि पेट्रोल कॉइलला थंड ठेवत असतं. अंगणात माणूस वायर दाबून धरतो आणि सिरिंज रिकामी झाल्यावरही धरून ठेवतो. कॉइल तापून जळायला एवढं पुरतं. दुसरं, वायर टेकवताना ठिणगी पडते, आणि पडते ती ज्वलनशील फवाऱ्याच्या शेजारी. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेते; परभणी जिल्ह्यात तिला कुठल्या ऋतूची वाट बघावी लागत नाही. तिसरं, कॅनमधली द्रावणं रबर फुगवतात, म्हणून जुन्या ओ-रिंग परत बसवल्या तर साफसफाईतूनच नवी गळती जन्मते. आणि मुख्य मुद्दा : भाजून पक्का झालेला थर दोन मिनिटांच्या फवाऱ्याने सुटला की नाही, हे घरी कळत नाही. मशीनवर इंजेक्टर काचेच्या नळ्यांवर ओळीने लावतात, सारख्या वेळात कुणी किती पेट्रोल सोडलं ते मोजतात आणि बंद असताना थेंब गळतो का ते बघतात. अल्ट्रासॉनिक टाकीत बुडवणं त्या मानाने दुय्यम आहे. ज्या दुकानात आधीचं आणि नंतरचं माप दाखवत नाहीत, तिथेही साफ झाला हा शब्द अंगणातल्याइतकाच पोकळ.

गंमत अशी की साफसफाई घरी धड होत नसली तरी परीक्षा घरी फुकट होते. तिलाच आपले नैयायिक अन्वय-व्यतिरेक म्हणत आले : हे असताना ते असतं का, आणि हे नसताना ते नसतं का. गाडी जागेवर चालू ठेवा आणि एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढा. इंजिन दचकलं, गती पडली, तर तो सिलिंडर कामावर आहे. कनेक्टर काढूनही इंजिनाला फरक पडला नाही, तर आळशी सिलिंडर सापडला. कार्बोरेटरच्या काळात हेच काम प्लगची वायर उपटून करत. त्यात झटका बसायचा आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जायचं. इथे पेट्रोलच बंद होतं.

आता खरी कसोटी. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा, ती आपोआप बंद पडेल. लाइनमधला दाब उतरला. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि उघड्या हवेत काम करा. आळशी सिलिंडरचा इंजेक्टर शेजाऱ्याच्या जागी आणि शेजाऱ्याचा इकडे, ओ-रिंग नव्या. मिशिंग इंजेक्टरच्या मागे नव्या घरी गेली, तर दोष इंजेक्टरचा. मग खुशाल मशीनवर पाठवा. मिशिंग जुन्याच घरी राहिली, तर इंजेक्टर निर्दोष. खर्च दोन-चार ओ-रिंगांचा आणि एका सकाळचा.

ॲव्हरेजचं प्रकरण वेगळं आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं E20 पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये आलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत देशभर पसरलं. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणजे 20 टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट आलीच. 18 देणारी गाडी 17 च्या आत-बाहेर येणार. हे साधं गणित इंजेक्टरच्या माथी मारलं जातं. गोदाकाठी ऊस लावायचा आणि टाकीतून तोच परत आला की इंजेक्टरला बोल लावायचा, हा आपला न्याय. इथेनॉल स्वतःच द्रावण आहे. जुन्या टाकीतली वर्षानुवर्षांची घाण ते सोडवतं आणि ती आधी फिल्टरमध्ये अडकते. म्हणून इंजेक्टरच्या आधी फिल्टर बदला. इथेनॉल पाणीही शोषून घेतं, तेव्हा महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पाव टाकीवर भागवू नका.

टाकीत ओतायच्या बाटलीला मी खोटी म्हणत नाही. पॉलिइथरअमाइन असलेली चांगली बाटली हळूहळू बसलेला थर हळूहळू काढते, एक-दोन टाक्यांत. इंजेक्टर काढावेही लागत नाहीत. मात्र तुटलेल्या सुईला आणि जळालेल्या कॉइलला ती काही करणार नाही.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच : यातलं काही तिकडे नेऊ नका. जुन्या बोलेरोचं नोझलही 200 बारच्या आसपास उघडतं आणि कॉमन रेलमध्ये दाब हजाराच्या पुढे असतो. गळती बोटाने चाचपली तर डिझेल कातडी भेदून आत शिरतं. वर टाचणीएवढी खूण दिसते, दुखत नाही, आणि रात्री हात सुजतो. अशा वेळी मलम न लावता थेट सर्जन गाठायचा आणि डिझेल शिरलंय हे स्पष्ट सांगायचं.

माझ्या अल्टोचे तीनही इंजेक्टर चोक असल्याचं मला दोन गॅरेजांत सांगितलं गेलं होतं. कनेक्टर काढून बघितले तर दोन नंबरचा सिलिंडर झोपलेला. दोन नंबरचा इंजेक्टर तीनवर नेला, तीनचा दोनवर आणला. मिशिंग दोनवरच राहिली. तिथला प्लग काढून उजेडात धरला तेव्हा पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढा तडा दिसला. नवा प्लग लावल्यापासून गाडी ठीक आहे. इंजेक्टर परत आपापल्या जागी नेले नाहीत, दोन नंबरचा तीनवर बिनतक्रार काम करतो.

त्यातल्या एका गॅरेजचा मिस्त्री परवा बाजारात भेटला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काढलेच होते सर, तर हातासरशी कॅन मारून घ्यायचा ना."