मागितले ५००, मिळाले २१४!



गणेशोत्सवाची तिकीटविक्री मंडळाच्या संकेतस्थळावर सुरू झाली आणि अर्ध्या तासात 'टू मेनी कनेक्शन्स' (एरर १०४०) झळकू लागले. काहींच्या कार्डातून पैसे गेले, पण तिकीट नाही! फोन खणखणू लागले. वास्तविक आम्ही आदल्याच आठवड्यात मायएसक्यूएलचे 'मॅक्स कनेक्शन्स' मूळच्या १५१ वरून ५०० केले होते. सर्व्हरला विचारले, तर म्हणे २१४. इतर मंडळांच्या उपयोगी पडावे म्हणून हे टिपण.

२१४ आले कुठून?
लिनक्समध्ये एका प्रोसेसने एका वेळी किती फाइल्स उघडाव्यात याला मर्यादा असते. आमच्या सर्व्हरवर ती १०२४ होती. नेटवर्क कनेक्शनही या हिशेबात फाइलच. मायएसक्यूएल सुरू होताना त्यातून १० किरकोळ कामांसाठी आणि किमान ४०० टेबलांसाठी प्रत्येकी दोन, म्हणजे ८०० बाजूला ठेवते. १०२४ – १० – ८०० = २१४. याची सूचना फक्त एरर लॉगमध्ये येते, आणि तो आम्ही उघडलाच नव्हता.

आमची चूक
'लिमिट्स डॉट कॉन्फ' फाइलमध्ये आम्ही मर्यादा वाढवली होती. टर्मिनलवर 'यूलिमिट' नवा आकडा दाखवत होते, म्हणून निर्धास्त राहिलो. पण ती फाइल लॉगिन करणाऱ्यांसाठी. सिस्टिम-डी जी सर्व्हिस सुरू करते, तिला ती लागू होत नाही.

काय करावे?
१. 'प्रॉक' डिरेक्टरीत मायएसक्यूएलच्या प्रोसेस क्रमांकाखालची 'लिमिट्स' फाइल पाहा. खरी मर्यादा तिथे दिसते.
२. सिस्टिम-डीमधील मायएसक्यूएलच्या सर्व्हिस सेटिंगमध्ये उघड्या फाइल्सची मर्यादा वाढवा. आम्ही १०,००० ठेवली. बऱ्याच नव्या पॅकेजमध्ये ती आधीच वाढवलेली असते.
३. सिस्टिम-डीला सेटिंग पुन्हा वाचायला लावून मायएसक्यूएल रीस्टार्ट करा.
४. 'मॅक्स यूज्ड कनेक्शन्स' पाहून गरजेपुरताच आकडा ठेवा. प्रत्येक कनेक्शन मेमरी खाते. काम झाल्यावर प्रोग्रॅम कनेक्शन बंद करतो ना, हेही तपासा.
५. मर्यादा भरली तरी मायएसक्यूएल एक जादा जागा ॲडमिनसाठी ठेवते. संकेतस्थळाला ॲडमिनचे खाते देऊ नका, नाहीतर तीही जाईल आणि तुम्हीच बाहेर राहाल.

सेटिंगमध्ये लिहिलेली असते ती आपली मागणी. मिळाले किती, ते चालू सर्व्हरलाच विचारावे, आणि तेही तिकीटविक्रीच्या आदल्या दिवशी!