के-७ मधला 'के'

मंडळी, 'वर्ग' हा शब्द आम्हा शिक्षकांचा जुना सोबती. पाचवीचा वर्ग, दहावीचा वर्ग, रिकामा वर्ग, गोंगाट करणारा वर्ग! पण वर्ग मुळात पाडायचे कशासाठी, हा प्रश्न अलीकडे पुन्हा डोक्यात आला तो शाळेमुळे नव्हे, तर शर्यतीच्या बोटींमुळे.

तसा माझा आणि बोटींचा संबंध भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचपुरता. पण डोनाल्ड कॅम्पबेल या इंग्रज वेगवीराच्या 'ब्लूबर्ड के-७' या निळ्या बोटीचे छायाचित्र पाहण्यात आले आणि त्यातल्या 'के-७' वर नजर अडकली. सात हा अनुक्रमांक, हे उघड आहे. पण 'के' कशाचा? वाचल्यावर कळले की 'के' हे वर्गाचे अक्षर. लॉइड्सच्या नोंदणीत ज्या बोटींच्या इंजिनाला कसलीच मर्यादा नाही, त्यांच्यासाठीचे. अमर्याद वर्गातली सातवी बोट, ती के-७.

अमर्याद! शब्द ऐकायला मोठा छान वाटतो. पण त्याची किंमत पाहण्याआधी मर्यादा असलेले वर्ग पाहू.

मोटरबोटींच्या शर्यती मोटारींच्या शर्यतींइतक्याच जुन्या. हार्म्सवर्थ करंडकाची ब्रिटिश स्पर्धा १९०३ सालची, अमेरिकेतली पॉवरबोट संघटनाही त्याच सालची. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तर मोटरबोटींच्या शर्यती होत्या आणि तेव्हाच त्यांचे तीन वर्ग पाडले होते. एक सर्वांना खुला, दुसरा ६० फुटांपेक्षा कमी लांबीच्या बोटींचा आणि तिसरा साडेसहा ते आठ मीटर लांबीच्या बोटींचा. साउदॅम्प्टनच्या खाडीत हवा इतकी बिघडली होती की तिन्ही वर्गांत एकेकच बोट शर्यत पुरी करू शकली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ पुन्हा आला नाही. १९२२ मध्ये बेल्जियममध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि वर्गवारीचे काम नीट मार्गी लागले.

वर्ग पाडताना मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: इंजिन केवढे, वजन किती आणि बोटीचा तळ कसा. तळाची गंमत थोडी समजावून सांगतो (सवय जात नाही!). साधी बोट पाणी बाजूला सारत पुढे जाते. वेग वाढला की पाण्याचा अडथळा झपाट्याने वाढतो, मग इंजिन कितीही रेटा. पण तळ सपाट असेल आणि जोर पुरेसा असेल, तर बोट पाण्यातून वर उचलली जाते आणि पाण्यावरून घसरत जाते. आपण लहानपणी चपटा दगड तळ्यावर आडवा भिरकावत असू आणि तो टप्पे घेत जाई, तसेच काहीसे. हायड्रोप्लेन ही बोट यासाठीच बनवलेली. पुढे दोन बाजूंना दोन पाय आणि मागे अर्धा पाण्याबाहेर फिरणारा पंखा, एवढ्या तीन ठिकाणीच ती पाण्याला टेकते. बाकीची सगळी हवेत! सिअ‍ॅटलच्या 'स्लो-मो-शन फोर' या बोटीने २६ जून १९५० रोजी याच पद्धतीने ताशी २५८ किलोमीटरचा वेग गाठला आणि १९३९ पासूनचा सर माल्कम कॅम्पबेल (आपल्या डोनाल्डचे वडील) यांचा २२८ चा विक्रम मोडला.

आता खालचे वर्ग पाहा. अमेरिकेत नऊ वर्षांच्या मुलांपासून सुरू होणारा छोट्या इंजिनांचा वर्ग आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेचा जीटी-१५ हा वर्ग केवळ १५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा, तोही लहान मुलांसाठीच. तिथून एक लिटर, दीड लिटर, अडीच लिटर, पाच लिटर अशा पायऱ्या चढत जायचे. फॉर्म्युला वन हा मोटारींसारखा बोटींचाही वर्ग आहे, १९८१ पासून. त्यातल्या बोटी दोन समांतर तळांच्या, सहा मीटर लांबीच्या, आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांची एक फेरी विजयवाड्याजवळ कृष्णेच्या पात्रात झाली. आपल्या महाबळेश्वरची कृष्णा, तिच्या नशिबी हेही पाहणे आले!

मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर समुद्रात शर्यत झाली, तिचा नियम मला फार आवडला. सगळ्या संघांना एकाच बनावटीच्या बोटी आणि एकसारखीच इंजिने. म्हणजे कोणी जास्त पैसे ओतून वेगवान यंत्र आणू शकत नाही. शर्यत पाकिटांची राहत नाही, हातांची होते. मर्यादा घालण्याचा उद्देश हाच. गरीब घरचा आणि श्रीमंत घरचा मुलगा एकाच बाकावर, एकच प्रश्नपत्रिका घेऊन बसावेत, तसा.

आणि आता 'के'. इथे इंजिनाला मर्यादा नाही, पण विक्रमाला एक नियम मात्र आहे. ठरलेले अंतर जाताना एकदा आणि येताना एकदा कापायचे, ठरलेल्या वेळात, आणि दोन्हींची सरासरी धरायची. वारा, प्रवाह यांचा फायदा कोणी घेऊ नये म्हणून. नियम चोख, पण याच परतीच्या फेरीने किती जणांची वाट पाहिली! २९ सप्टेंबर १९५२ रोजी स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरात जॉन कॉब यांनी 'क्रुसेडर' या जेट बोटीतून ताशी ३३० किलोमीटरच्या वर वेग गाठला आणि त्याच फेरीत बोटीचे तुकडे झाले. कॉब गेले. परतीची फेरी झालीच नाही, म्हणून विक्रमाच्या वहीत तो वेग नाही. १९५५ मध्ये कॅम्पबेल यांनी के-७ मधून ३२५ चा वेग दोन्ही फेऱ्यांसह नोंदवला आणि पुढे तो वाढवत १९६४ अखेर ४४४ वर नेला. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडच्या कॉनिस्टन सरोवरावर जाताना ताशी सुमारे ४७८ किलोमीटर झाले. परतीच्या फेरीत बोटीचे नाक वर उचलले गेले, हवा खालून शिरली, बोट उलटली आणि पाण्यावर आपटली. नेमके कशामुळे, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. बोट आणि त्यांचा देह सापडायला २००१ साल उजाडले. डागडुजी होऊन ती बोट २०२४ मध्ये कॉनिस्टनच्या संग्रहालयात परतली.

आजचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांचा. ८ ऑक्टोबर १९७८, ताशी ५११ किलोमीटर, तेही घराच्या मागच्या अंगणात स्वतः बांधलेल्या लाकडी बोटीतून आणि लष्कराच्या मोडीत काढलेल्या जेट इंजिनावर! वॉर्बी २०२३ मध्ये वारले, विक्रम शाबूत आहे. तो मोडायला निघालेले ली टेलर १९८० मध्ये आणि क्रेग आर्फन्स १९८९ मध्ये पाण्यावरच गेले.

अमेरिकेतही शर्यतीचा 'अमर्याद' वर्ग आहे. त्या बोटींवर 'यू' अक्षर असते. माझा भाचा सिअ‍ॅटलला असतो, तिथे उन्हाळ्यात लेक वॉशिंग्टनवर त्यांची शर्यत होते. महायुद्धानंतर लढाऊ विमानांची इंजिने स्वस्तात मिळू लागली, ती या बोटींत बसली. पुढे चिनूक हेलिकॉप्टरची टर्बाइन इंजिने आली. चालक मात्र उघड्यावर बसत. १९ जून १९६६ रोजी वॉशिंग्टनच्या पोटोमॅक नदीवर एकाच दिवशी तीन चालक गेले. १९८१ मध्ये बिल मन्सी गेले, १९८२ मध्ये डीन चेनोवेथ. दोघेही नामवंत विजेते. त्यानंतर कुठे चालकाच्या डोक्यावर एफ-१६ विमानासारखे बंद, भक्कम आवरण आले आणि मृत्यू खूपच कमी झाले. आज त्या वर्गात इंजिनाला दर मिनिटाला किती इंधन जावे, यावरही बंधन आहे. म्हणजे नाव अमर्याद, पण कारभार मर्यादेचा!

मला यातून एवढेच उमगले. खालच्या वर्गांतल्या मर्यादा माणसांनी आधी बसून, विचार करून, कागदावर लिहिल्या. वरच्या वर्गाने मर्यादा नाकारल्या, तेव्हा त्या पाण्याने आणि वाऱ्याने लिहिल्या, आणि त्यांची शाई वेगळी होती. कॅम्पबेल किंवा कॉब यांना वेडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या धाडसाबद्दल आदरच आहे. पण चालकाच्या डोक्यावरचे ते आवरण ज्यांनी पहिल्यांदा सुचवले, बनवले, त्यांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत, याची चुटपुट लागते.

असो. लेख लांबला. सिअ‍ॅटलकडच्या मंडळींपैकी कोणी ती शर्यत काठावरून पाहिली असेल, तर जरूर लिहा. आवाज कसा असतो, हे मला ऐकायचे आहे.