समुद्रदेवाचे केस

पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४ ते १९४६ च्या दरम्यान खोदकाम झालं. मातीखालून सातवाहनकाळातली वस्ती वर आली आणि काशाच्या भांड्याकुंड्यांबरोबर एक छोटी मूर्तीही सापडली. दाढीवाला हा देव म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून तो समुद्र ओलांडून घाटावर आला आणि आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात उभा आहे. रंगशब्दांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी आधी त्याच्यापुढे नेतो.

होमरच्या काव्यात या देवाला एक ठरलेलं विशेषण आहे: क्यानोखाइतेस. ‘खाइते’ म्हणजे मोकळे लांब केस. घोड्याच्या आयाळीलाही तोच शब्द. पण ‘क्यानो’चं काय करायचं? इंग्रजी भाषांतरांत कुठे ‘निळ्या केसांचा’ असं मिळतं, कुठे ‘काळ्या केसांचा’. विद्यार्थी गोंधळतो आणि विचारतो, नक्की कोणता? हा प्रश्न मनात घेऊनच त्याने या अभ्यासात यावं.

‘क्यानोस’ हे मुळात एका वस्तूचं नाव. वैडूर्यासारखा गडद निळा दगड, तसंच त्या रंगाची काचेची घडण. थिओफ्रास्टसने दगडांवरच्या आपल्या ग्रंथात नैसर्गिक क्यानोस आणि माणसाने बनवलेला क्यानोस असे दोन प्रकार सांगितले आहेत. वस्तूच्या नावावरून ‘क्यानेओस’ हे रंगाचं विशेषण झालं. आपल्याला यात नवल वाटायला नको. ‘तांबडा’ शब्दात तांबं आहे, तरी तांबडा रस्सा ओरपताना कोल्हापुरात कुणाला तांब्याची आठवण होत नाही. आणि ‘तांबडं फुटलं’ म्हणताना रस्साही आठवत नाही. शब्द वस्तूपासून सुटतो आणि स्वतःच्या वाटेने चालू लागतो.

क्यानेओस कुठवर गेला ते पाहा. झ्यूस मान हलवून होकार देतो तेव्हा त्याच्या भुवया क्यानेओस असतात. हेक्टरचं प्रेत रथामागून फरफटतं तेव्हा धुळीत पसरलेले त्याचे केसही तसेच. पावसाळी ढग तसा, जहाजाची नाळही तशी. पुत्राच्या मरणाच्या सावटाखालची थेटिस पांघरते ते वस्त्र क्यानेओस आहे, आणि त्याहून काळं वस्त्र नव्हतं असं कवी लगेच सांगतो. अगामेम्नॉनच्या चिलखतावर क्यानोसच्या दहा पट्ट्या आहेत. तिथे खुद्द त्या दगडालाच ‘काळा’ हे विशेषण लावलेलं आहे. काळा क्यानोस. इथे मी दरवेळी थांबतो, कारण हा शब्द मला घरातलाच वाटतो. आपण म्हणतो, काळानिळा.

पोर जिन्यावरून पडलं की अंग काळंनिळं पडतं. थंडीने ओठ काळेनिळे होतात. यात काळा किती, निळा किती, असं आपण कधी विचारत नाही. प्रकाश पिऊन टाकणारी, खोल, जराशी भिववणारी अशी ती एकच छटा आहे. संस्कृतातल्या ‘नील’चा पल्लाही असाच लांब आहे. अथर्ववेदात रुद्राला ‘नीलशिखंड’ म्हटलं आहे, म्हणजे गडद शेंडीचा. पोसायडनचं विशेषण त्याच्या अगदी शेजारी ठेवता येतं. आणि आपला विठोबा? तो काळा आहे, सावळा आहे, घननीळही आहे. एकाच मूर्तीला तिन्ही शब्द लागतात आणि वारकऱ्याला त्यात विसंगती दिसत नाही.

म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं आहे की मराठी वाचकाने या ग्रीक शब्दाकडे इंग्रजीच्या दारातून जाऊ नये. त्याच्या भाषेत त्याला जास्त जवळची वाट आहे.

इंग्रजीतून गेलेल्यांना जड गेलं, याला इतिहास साक्षी आहे. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली होमरवर तीन खंड लिहिले. होमरचे रंगशब्द त्यांनी कसून तपासले आणि त्या काळच्या ग्रीकांची रंगदृष्टी पुरती विकसित झालेली नव्हती, असा निष्कर्ष काढला. त्यांची मेहनत अस्सल होती, निष्कर्ष चुकला. पुढे लाझारस गायगरने तोच विचार वेदांपर्यंत नेला. १९६९ साली बर्लिन आणि के यांनी अनेक भाषांतले मूलभूत रंगशब्द ठरावीक क्रमाने येतात अशी मांडणी केली. तिच्यावरचा वाद अजून चालू आहे. हे सगळं वाचायला हवंच, पण आधी डोळ्यांनी पाहायला हवं.

पाहायचं कसं? लहानपणी घरी पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायचे. बादलीत थेंब पडे तिथे पाणी जवळजवळ काळं दिसे. मग त्यातून दोरे सुटत, ते निळे होत, आणि हात फिरवला की सगळी बादली आकाशी. पदार्थ एकच आणि नावही एकच, नीळ. प्लेटोने ‘तिमायस’मध्ये हा रंग बनवायची कृती दिली आहे: चकाकी आणि पांढरा गडद काळ्यात मिसळले की क्यानेओस होतो. त्याच्या कृतीत काळा आहे, चमकही आहे. ती बादली ज्याने पाहिली आहे त्याला हे वाक्य कोड्यासारखं वाटणार नाही.

शब्द अजून जिवंत आहे. छापखान्यात चार रंगांच्या प्लेटा लावतात त्यातली एक ‘सायन’, ती क्यानोसचीच नात. मात्र ती उजळ, हिरवट निळी. आजीचा गडदपणा तिच्यात उरलेला नाही. तो उरला आहे तो दवाखान्यात. रक्तात प्राणवायू कमी पडला की डॉक्टर कागदावर ‘सायनोसिस’ लिहितात, आणि त्याच खाटेशेजारी उभी असलेली आजी म्हणते, ‘बाळ काळंनिळं पडलंय.’ दोघं एकच गोष्ट सांगत असतात. तीन हजार वर्षांत तो ग्रीक शब्द तिच्या इतक्या जवळ येऊन उभा राहिला आहे.

पुढच्या प्रकरणांत असे अनेक शब्द येतील. ओल्या लाकडाला, मधाला आणि भीतीलाही लागणारा ‘ख्लोरोस’. आणि आपल्याकडचे गव्हाळ, निमगोरा, आमसुली, मोरपंखी. वाचताना जवळ एक वही ठेवा. रंगाचा शब्द कानावर पडला की तो कशाबद्दल वापरला, कुणी वापरला, कोणत्या गावात, एवढं टिपून घ्या. रंगतक्त्यावरच्या चौकोनाशी तो जुळवायची घाई करू नका. आणि टाऊन हॉलकडे जाणं झालं तर त्या छोट्या देवापुढे जरा थांबा. काशाच्या केसांना आता धातूचाच रंग आहे. त्यांचा रंग शब्दात राहिला आहे, आणि तो काळानिळा आहे.