कुरुमानचा पाट



शेणानें सारवलेली जमीन आपणांपैकीं पुष्कळांना आतां आजोळच्या आठवणींतच भेटते. परंतु दोनशें वर्षांपूर्वीं एका इंग्रज बाईंनीं दक्षिण आफ्रिकेंतून मायदेशीं धाडलेल्या पत्रांत या सारवणाचें कौतुक केलें आहे, असें सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. प्रथम हा प्रकार पाहून त्यांना किळस आली होती. आपण असलें कांहीं करणार नाहीं, असें त्यांनीं मनाशीं योजिलेंहि होतें. पण सारवल्यानें धूळ बसते, पिसवा मरतात आणि जमिनीला सुरेख हिरवट रंग येतो हें पाहिल्यावर त्या शनिवारच्या सारवणाची आतुरतेनें वाट पाहूं लागल्या. या बाईंचें नांव मेरी मॉफट.

मिशनरी म्हटला कीं तो शिकविण्यासाठीं आलेला मनुष्य, अशी आपली समजूत असते. मीं स्वतः उभा जन्म शिकविण्यांत घालविला. त्या अनुभवावरून सांगतों कीं, शिकविणाऱ्याची खरी परीक्षा तो समोरच्यापासून काय शिकला यावरून होते. मेरीबाई व त्यांचे पति रॉबर्ट मॉफट यांच्या कुरुमान येथील संसाराकडे आज त्या दृष्टीनें पाहूं.

मॉफटसाहेबांचा जन्म १७९५ सालीं स्कॉटलंडांतील ऑर्मिस्टन गांवीं झाला. धंद्यानें ते माळी. लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीनें ते १८१७ च्या आरंभीं केपटाऊनला उतरले. ज्या रोपवाटिकेंत ते पूर्वीं काम करीत, तिच्या मालकाची मेरी ही मुलगी. आईबापांचें मन मोठ्या कष्टानें वळवून त्या १८१९ मध्यें केपटाऊनला आल्या, आणि तेथेंच उभयतांचें लग्न झालें. पुढें बैलगाडीनें उत्तरेकडे प्रवास करून तीं दोघें त्स्वाना लोकांपैकीं त्ल्हापिंग जमातीच्या मुलखांत राहावयास गेलीं. तेथें मोथिबी नांवाचा राजा होता. मुलूख कालाहारी वाळवंटाच्या कडेचा, पाऊस बेभरंवशाचा. 'पुला' म्हणजे पाऊस. हा शब्द ते लोक आशीर्वादासारखा उच्चारतात. शेजारच्या बोट्स्वाना देशानें १९७६ मध्यें आपल्या चलनासहि तेंच नांव दिलें, यावरून त्या भूमींत पाण्याचें मोल काय आहे तें कळेल.

त्यांची दिनचर्या उपदेशाची कमी आणि अंगमेहनतीची अधिक होती. घर बांधणें, गाडी दुरुस्त करणें, लोखंड घडविणें, भाजी पिकविणें, हीं सर्व कामें मॉफटसाहेब आणि त्यांचे सहकारी हॅमिल्टन यांना स्वतःच करावीं लागत. मेरीबाईंच्या पदरीं पुढें दहा अपत्यें झालीं. त्यांचें संगोपन, स्वयंपाक आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची उठबस सांभाळून त्या गांवांतील बायकामुलींना शिवणकाम शिकवीत.

भाजीसाठीं पाणी हवें म्हणून या मंडळींनीं कुरुमान नदीवर बांध घालून कांहीं मैल लांबीचा पाट काढला. हा पाट गांवच्या बायकांच्या शेतांमधून जात असे. त्स्वाना लोकांत शेती हें बायकांचें काम आणि गुरें हें पुरुषांचें. पाण्यानें मळा हिरवागार झालेला पाहून बायकांनीं पाट फोडला आणि पाणी आपल्या शेतांत वळविलें. कधीं कधीं मिशनरींच्या घरीं चुलीवर ठेवण्यापुरतेंहि पाणी उरत नसे. राजाकडे गाऱ्हाणें नेलें, तर या बाबतींत बायकांपुढें राजाचेंहि कांहीं चालत नसे. मग भर उन्हांत हातीं फावडें घेऊन तीन मैल जावयाचें आणि एकेक भगदाड बुजवावयाचें, असा मॉफट व हॅमिल्टन यांचा आळीपाळीचा क्रम झाला. एकदां तर तंटा इतका विकोपास गेला कीं, बायकांनीं कुदळी घेऊन बांधच उखडून टाकला आणि नदी आपल्या जुन्या वाटेनें वाहूं लागली.

ही हकीगत मॉफटसाहेबांनीं १८४२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत लिहिली आहे. बायकांची तक्रार करतां करतां, पाण्यावर आपलाहि तितकाच हक्क आहे असें त्यांना वाटणें स्वाभाविक होतें, अशी कबुली ते देऊन जातात. नदी त्यांची, जमीन त्यांची. पाहुण्यानें पाट काढला म्हणून पाणी पाहुण्याचें कसें व्हावें?

त्याच सुमारास दुष्काळ पडला. दूरवरून पाऊस पाडणारा एक मांत्रिक आणण्यांत आला. त्याचे उपाय थकले, तेव्हां प्रार्थनेची घंटा ढगांना पळवून लावते असा बोभाटा झाला. एके दिवशीं एक सरदार भाला परजीत दारीं आला व मुलूख सोडून जा म्हणून त्यानें बजाविलें. मेरीबाई तान्हें मूल घेऊन दारांत उभ्या होत्या. आम्ही जाणार नाहीं, हवें तर मला मारा, असें म्हणून मॉफटसाहेबांनीं आपली छाती उघडी केली. आलेले लोक निरुत्तर होऊन परतले. पुढें लोक त्या मांत्रिकाच्याच जिवावर उठले, तेव्हां त्याच्यासाठीं रदबदली करून त्याचे प्राण वांचविले तेहि मॉफटसाहेबांनींच.

१८२४ मध्यें मिशनचें ठाणें नदीच्या उगमाजवळ हलविलें. 'कुरुमानचा डोळा' म्हणून प्रसिद्ध असलेल्या या झऱ्यांतून रोज सुमारें दोन कोटि लिटर पाणी येतें. तेथें मळे, फळबागा आणि पुढें १८३८ मध्यें पुरें झालेलें दगडी चर्च उभें राहिलें. परंतु इतक्या वर्षांत बाप्तिस्मा मात्र एकाचाहि नव्हता. याचें एक कारण भाषेंत होतें. उपदेश डच भाषेंतून होई आणि दुभाषा तो फिरवून सांगे. आत्म्याचें तारण हा फार मोठा विषय आहे, या वाक्याचें भाषांतर एका दुभाष्यानें, आत्म्याचें तारण हें फार मोठें पोतें आहे, असें केलें होतें! अखेर १८२७ मध्यें मॉफटसाहेब कांहीं आठवडे दूरच्या बारोलोंग लोकांच्या वस्तींत एकटे जाऊन राहिले आणि केवळ कानांनीं भाषा शिकून आले. १८२९ मध्यें पहिल्या सहा जणांचा बाप्तिस्मा झाला. हा योगायोग नव्हे. पुढें केपटाऊनला छपाईचें काम शिकून त्यांनीं १८३१ मध्यें हातछापखाना कुरुमानला आणला, आणि १८५७ मध्यें संपूर्ण बायबल सेत्स्वाना भाषेंत छापून पुरें केलें. बांटू कुळांतील कोणत्याहि भाषेंतलें हें पहिलें संपूर्ण बायबल होय.

येथवरची कथा कौतुकाची आहे. पण इतिहासाच्या वहींत जमेबरोबर नांवेंहि लिहावें लागतें. बैल आणि नांगर आले, तशी शेती हळूहळू बायकांच्या हातून निसटूं लागली. कारण रूढीप्रमाणें बायकांनीं गुरांना हात लावावयाचा नसे. पाटाच्या आसपास ज्यांच्या जमिनी, ते सधन झाले. बाकीचे मागें पडले.

भाषेंतहि असेंच घडलें. त्स्वाना लोक आपल्या पूर्वजांच्या आत्म्यांना 'बदिमो' म्हणतात. घराचें रक्षण करणारे ते. बायबलांतील दुष्ट भुतांसाठीं मॉफटसाहेबांनीं हाच शब्द योजिला. आपल्याकडे कोणी पिशाच या अर्थीं 'पितर' हा शब्द छापला असता, तर पितृपंधरवडा पाळणाऱ्या घरांत काय वाटलें असतें? बोट्स्वानांतील विदुषी मूसा डूबे यांनीं १९९९ मध्यें याच शब्दावर लेख लिहून हा घाव दाखवून दिला. ज्या माणसानें भाषा मन लावून ऐकली, त्यानें तिच्यांतील सर्वांत आदराचा शब्द मात्र ऐकला नाहीं.

तरी एकदां छापील अक्षर हातीं आलें कीं तें देणाऱ्याच्या ताब्यांत राहत नाहीं. १८७६ मध्यें जन्मलेले सॉल प्लाटजी हे बारोलोंग गृहस्थ दुसऱ्या एका, जर्मन मिशनच्या शाळेंत शिकले. त्यांनीं १९०१ मध्यें सेत्स्वाना वृत्तपत्र काढलें, १९१६ मध्यें आपल्या भाषेंतील म्हणींचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं, आपल्या लोकांच्या जमिनी हिरावणाऱ्या १९१३ च्या कायद्याविरुद्ध इंग्रजींत पुस्तक लिहिलें. पाट फोडणाऱ्या बायकांनीं कुदळीनें केलें, तेंच प्लाटजींनीं लेखणीनें केलें.

मॉफट पतिपत्नी १८७० मध्यें कुरुमान सोडून मायदेशीं परतलीं. पुढच्याच वर्षीं मेरीबाई वारल्या; मॉफटसाहेब १८८३ मध्यें गेले. त्यांचें दगडी चर्च आजहि उभें आहे. त्या धर्मनिष्ठ माळ्याविषयीं माझ्या मनांत आदर आहे, तो पन्नास वर्षें तेथें टिकून राहिला म्हणून. पण या कथेंत मला आपल्या वाटतात त्या बांधावर कुदळ घेऊन उभ्या राहिलेल्या बायका. त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. पाट चांगला होता, हें त्यांनीं नाकारलें नाहीं. पाणी कोणाचें, एवढेंच त्यांनीं विचारलें.