वेगमर्यादा, रस्त्यावरील

विशिष्ट रस्त्यावर वाहनाने ज्याहून अधिक वेगाने जाऊ नये, असा कायद्याने मुक्रर केलेला व फलकाने जाहीर केलेला वेग. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११२ अन्वये केंद्र सरकार वाहनांच्या वर्गवारीनुसार कमाल वेग ठरविते आणि राज्य सरकारला एखाद्या रस्त्यापुरती त्याहून कमी मर्यादा घालता येते. २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गांवर मोटारींना ताशी १२० किमी.ची मुभा दिली. तरी खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाटीवर ती १०० किमी. आणि बोरघाटात त्याहूनही पुष्कळ कमी ठेवलेली आहे.

या तफावतीचे पहिले कारण दृष्टीचा पल्ला. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत २.५ सेकंद धरतात. तेवढ्यात ताशी १०० किमी. वेगाची गाडी सुमारे ७० मी. पुढे गेलेली असते आणि ती थांबेपर्यंत एकूण १८० मी. रस्ता सरतो, तर ५० च्या वेगास ६० मी. पुरतात. दुसरे कारण वळण. बाहेरची कड शेकडा ७ ने उचललेल्या वळणावर ५० च्या वेगास सुमारे ९० मी. त्रिज्या पुरते, १०० च्या वेगास मात्र ३६० मी. लागते; म्हणजे वेग दुप्पट झाला की त्रिज्या चौपट हवी, आणि सह्याद्रीच्या कड्यात तेवढी जागा सापडत नाही. तिसरे कारण उतार. खोपोलीकडे उतरणारा मालट्रक इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रलवर टाकला, की सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि त्यांची पकड सुटते. म्हणून अवजड वाहनांची मर्यादा वेगळी व कमी असते.

कर्जत–चौक रस्त्यासारख्या साध्या रस्त्यावर प्रत्यक्ष वाहतूकही मोजावी लागते. चालकांच्या नजरेत न येता, मोकळ्या धावणाऱ्या वाहनांचे वेग टिपून, शंभरांतील पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाच्या आत राहतात तो वेग आधारभूत धरतात. मग शाळा, बाजार, फाटे, पायी चालणाऱ्यांची वर्दळ व पूर्वीचे अपघात पाहून तो कमी करतात.

फलकावरील आकडा ही वेगाची वरची सीमा होय. आषाढात बोरघाट धुक्याने भरतो, तेव्हा नजर पोहोचते तेवढ्या अंतरात गाडी थांबेल असा वेग चालकाने स्वतःच राखला पाहिजे.