वर पाहत चालणाऱ्यांचे गाणे : एका जपानी गीताचा इतिहास

१९६३ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' गीतसूचीवर सलग तीन आठवडे एक जपानी गाणे पहिल्या स्थानी होते. ते जपानी भाषेतच गायिलेले होते आणि ते विकत घेणाऱ्या बहुसंख्यांना त्यातील एक शब्दही कळत नव्हता. मूळ शीर्षक 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे साधारणपणे 'वर पाहत चालू या'. हे नाव परदेशी गिऱ्हाइकाच्या जिभेवर बसणार नाही असे विक्रेत्यांना वाटले आणि त्यांनी 'सुकियाकी' असे नवे नाव दिले. सुकियाकी हा गोमांसाचा एक रश्श्याचा पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरीही लोकांनी ते गाणे ऐकले आणि ते हेलावले. असे का व्हावे, हा प्रश्न आम्हांस साहित्याच्या अभ्यासकांनीही विचारण्याजोगा वाटतो.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते. जपानी मन मुळातच क्षणभंगुरतेच्या जाणिवेने ओलावलेले आहे आणि तीच 'मोनो नो आवारे' ही भावना त्यांच्या गाण्यांत उतरते, असे म्हटले जाते. मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) या पंडिताने 'गेंजी मोनोगातारी'चे विवेचन करताना ही संकल्पना मांडली. वस्तुमात्राच्या स्पर्शाने हृदय हलणे, हा तिचा गाभा. नोरिनागाचा विचार मोलाचा आहे, याविषयी शंका नाही. परंतु अकराव्या शतकातील दरबारी कथेच्या वाचनातून निघालेली संकल्पना १९६१ सालच्या तबकडीवर जशीच्या तशी चिकटवली, की त्या तबकडीचा स्वतःचा इतिहास पुसला जातो. दुःख एकदा राष्ट्राचा स्वभाव ठरले, की त्याचे कारण शोधण्याची गरज उरत नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

प्रथम स्वरांकडे पाहू. या गाण्याची चाल मुख्यतः 'योनानुकी' नावाच्या पाच स्वरांच्या सप्तकात फिरते. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात. चौथा आणि सातवा स्वर वगळलेला, म्हणून हे नाव. ही रचना अतिप्राचीन जपानी परंपरेचा ठेवा मानली जाते. पण तिचा प्रसार मेजी काळातील शाळांमधून झाला. १८७९ मध्ये जपानी सरकारने संगीतशिक्षणासाठी स्वतंत्र कचेरी स्थापन केली, इझावा शूजी तिचे प्रमुख झाले आणि बोस्टनहून ल्यूथर व्हायटिंग मेसन यांना पाचारण करण्यात आले. १८८१ पासून निघालेल्या शालेय गीतसंग्रहांत पाश्चात्त्य चालींवर जपानी शब्द बसवलेले होते. 'ऑल्ड लँग साइन' ही स्कॉटिश चाल तेथे 'होतारु नो हिकारी' झाली आणि आजही ती जपानी माणसाला निरोपाचे अस्सल जपानी गीत वाटते. देशी कान आणि परदेशी धडे यांच्या तडजोडीतून जे घडले, त्यालाच पुढे 'जपानी हळवेपणा' असे नाव मिळाले.

शिवाय योनानुकीच्या शुद्ध स्वरांच्या प्रकारात आपल्या भूपाचेच पाच स्वर येतात : सा, रे, ग, प, ध. आपल्याला भूपात कारुण्य नव्हे, शांतता ऐकू येते. खुद्द जपानातही याच स्वरांत बालगीते झाली आणि लष्करी गीतेही झाली. तेव्हा डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट केवळ स्वरांत दडलेली नाही, हे उघड आहे.

आता शब्दांकडे वळू. गीतकार एइ रोकुसुके, संगीतकार नाकामुरा हाचिदाई, गायक साकामोतो क्यू. तिघांच्या नावांत अनुक्रमे सहा, आठ आणि नऊ हे आकडे दडलेले असल्याने हे त्रिकूट '६-८-९' म्हणून ओळखले गेले. या गीताची पार्श्वभूमी आहे १९६० सालची. अमेरिकेशी झालेल्या सुधारित सुरक्षा कराराविरुद्ध त्या वर्षी तोक्योचे रस्ते माणसांनी भरून गेले. १५ जून रोजी संसदेच्या आवारातील झटापटीत कानबा मिचिको ही विद्यार्थिनी मरण पावली. चारच दिवसांनी करार आपोआप मंजूर झाला. पंतप्रधान किशी यांना पायउतार व्हावे लागले. करार मात्र राहिला. एइ त्या निदर्शनांत सामील होते. पराभूत मनाने घरी परतताना या ओळी सुचल्या, असे सांगितले जाते.

परंतु गीतात करार नाही, संसद नाही, मोर्चा नाही. अश्रू ओघळू नयेत म्हणून मान वर करून रात्री एकटाच चालणारा एक माणूस आहे, आणि त्याला आठवणारे ऋतू आहेत. तो का रडतो, हे गीत शेवटपर्यंत सांगत नाही. अशी उदाहरणे आधीही होती. युद्ध संपताच १९४५ च्या अखेरीस घरोघरी पोचलेले 'रिंगो नो उता' हे गीत केवळ एका सफरचंदाविषयी होते. ते गाणाऱ्या नामिकी मिचिको यांची आई मात्र त्याच वर्षीच्या मार्चमधील तोक्योवरील बॉम्बहल्ल्यात गेली होती. श्रोत्यांपैकी अनेकांचे कोणी ना कोणी असेच गेलेले होते. कारण शब्दांत नव्हते, म्हणून प्रत्येकाला आपले कारण तेथे ठेवता आले.

येथे जपानी व्याकरणही हातभार लावते. 'आरुको' हे क्रियारूप इच्छा व्यक्त करते, परंतु कर्त्याचे वचन सांगत नाही. 'चालावे' असा स्वतःशी केलेला निश्चय आणि 'चला, चालू या' असे इतरांना केलेले आवाहन, दोन्ही त्यात एकाच वेळी नांदतात. मराठीत भाषांतर करू पाहणाऱ्याला मात्र 'मी' आणि 'आपण' यांतून एक निवडावे लागते, आणि निवड केली की गाणे निम्मे होते. एकटा माणूस 'चालू या' म्हणतो. त्या 'या'मध्ये कोण आहे? मोर्च्यात कालपर्यंत बरोबर असलेले, की कोणीच नाही? ही संदिग्धता ज्याला ऐकू येते, त्याला त्या गाण्यातील पराभव कळतो.

गायकीचा प्रश्न राहिला. एकोणीस वर्षांच्या साकामोतोने स्वर मध्येच तोडून, अक्षरांना झटके देत हे गाणे म्हटले. आपल्या शब्दांची ही गत पाहून एइ प्रथम संतापले होते, असे सांगतात. ही लकब अमेरिकन रॉक अँड रोलकडून घेतलेली होती. पण या शब्दांवर ती बसली तेव्हा ती आवंढा गिळल्यासारखी ऐकू येऊ लागली. ज्या संयमाला आपण जपानी म्हणून दाद देतो, त्याचा एक पदर असा अमेरिकी आहे. अमेरिकेशी झालेल्या कराराच्या विरोधातील निराशा अमेरिकी लकबीत गायिली गेली आणि अमेरिकेतच डोक्यावर घेतली गेली. ज्या देशाने युद्धकाळात सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या रहिवाशांना छावण्यांत कोंडले, तो देश वीस वर्षांनी हे गाणे गुणगुणत होता. १९८१ मध्ये 'अ टेस्ट ऑफ हनी' या जोडीने इंग्रजी शब्दांत ते पुन्हा गाजवले. तेव्हा तेथे उरली ती केवळ प्रेमभंगाची कहाणी. कारण उघड सांगितले गेले आणि गाणे लहान झाले.

पुढे इतिहासाने या गाण्यात आणखी भर घातली. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे विमान डोंगरावर कोसळून ५२० जण मृत्युमुखी पडले. त्यांत त्रेचाळीस वर्षांचा साकामोतो होता. त्यानंतर हे गाणे ऐकणारा श्रोता वर पाहतो, तेव्हा त्या आकाशालाही एक तारीख असते. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ते पुन्हा देशभर गायिले गेले. आता त्यातील अनाम दुःखाला नवे धनी मिळाले होते.

यावरून आम्हांस इतकेच म्हणावयाचे आहे की, अशी गाणी हृदयाला भिडतात ती जपानी माणूस जन्मतः हळवा असतो म्हणून नव्हे. ती भिडतात कारण त्यांत एक विशिष्ट दुःख आपले नाव न सांगता उभे असते आणि त्या मोकळ्या जागेत ऐकणाऱ्याला पाऊल ठेवता येते. श्रोत्याने ते आपले मानावे, यात गैर काही नाही. गीताची तीच तर कमाई आहे. अभ्यासकाचे काम मात्र तेथून सुरू होते. जून १९६० च्या त्या रात्री कोण चालत होते आणि त्यांनी काय गमावले होते, हे त्याने विसरू नये. नाहीतर आपणही त्या गाण्याला सुकियाकीच म्हणत राहू.